बोळ्याच्या मागून

३ तारीख, सोमवार

सायकल देतो म्हणाले होते, दिली नाही. अठरा खांब, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत साडेआठ किलोमीटर, आणि बाई पायी. बूट दिले ते नऊ नंबरचे. माझा पाय पाचाचा. पुढे चिंध्या कोंबून घातले तर चालताना बदकासारखी दिसते, असं लेक म्हणाली. हेल्मेट दिलं त्याचा पट्टा तुटका. स्टोअरवाल्याला विचारलं तर म्हणतो, मावशी, डोक्यावर काही पडायचं नाहीये तुमच्या, पाइप तर जमिनीखाली आहे. मग हेल्मेट दिलंस कशाला, म्हटलं.

आणि ही वही दिली. सुपरवायझर साहेब म्हणाले, रोज लिहायचं, जे दिसेल ते, जे ऐकू येईल ते, काही गाळायचं नाही. दर गुरुवारी मी येऊन वाचीन आणि सही करीन. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. ते म्हणाले, चौथीपर्यंत लिहायला शिकवतात ना? शिकवतात. म्हणून सायकलीपासून सुरुवात केली. काही गाळू नका असं तुम्हीच म्हणालात.

बाकी खोली चांगली आहे, खोटं कशाला बोलू. तळमजला, दोन खिडक्या, नळाला पाणी. ह्या खोलीसाठीच नोकरी घेतली. लेकीला आठवा लागलाय, मध्ये अंगावरून गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जिना बंद सांगितला, गाडीतले धक्के बंद सांगितले, पडून राहा म्हणाल्या. आणि आमची जुनी जागा चौथ्या मजल्यावर. जावई दूर कामाला, दोन महिन्यांनी येणार. तेव्हा वीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी पिळल्या ते काम सोडलं आणि लाइनवर आले. लेक खिडकीजवळच्या खाटेवर पडून बाहेर बघत होती. म्हणाली, आई, इथे आभाळ किती आहे. दिवसभर हसत होती. मला साहेबीण म्हणते.

५ तारीख, बुधवार

काम समजलं. अवघड नाही. डोळे उघडे ठेवायचे, बस.

पिवळे खांब आहेत, एक्केचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा किलोमीटर. त्यांच्या खालून गॅसची मोठी लाइन जाते, माणूस रांगत आत शिरेल एवढी जाड. तीन शहरांचा गॅस ह्यातून जातो. लाइनीवर कुणी खणू नये, झाड लावू नये, घर बांधू नये. एखाद्या पट्ट्यातलं गवत उगाच पिवळं पडलं तर बघायचं. डबक्यात बुडबुडे आले तर बघायचं. ह्या गॅसला वास नसतो, वास पुढे शहरात मिसळतात, म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही. पाइपला गंज धरू नये म्हणून त्यात बारीकशी वीज सोडलेली असते. काही खांबांना तारेची टोकं आहेत, तिथे मीटर लावून आकडा लिहायचा. पॉइंट पंच्याऐंशीच्या खाली गेला तर फोन करायचा. आज सगळीकडे नव्वदीच्या वर होता.

त्रेपन्न नंबरला एक माणूस कुंपणाचे खड्डे खणत होता, भर लाइनीवर. मी म्हटलं, पहार खाली ठेव. तो म्हणाला, मावशी, माझी जमीन आहे. मी म्हटलं, जमीन तुझी, पण खाली जे आहे ते तुझ्या बापाचं नाही, आणि पहार बसली तर तुझी राखही गोळा करता यायची नाही. मग ठेवली. आधीचा राखणदार कधी काही बोलला नाही, असं कुरकुरत होता.

डबक्यातले बुडबुडे दोनदा दिसले. दोन्ही वेळा बेडूक.

६ तारीख, गुरुवार

साहेब आले. वही चाळली. चहा घेतला नाही.

(पाहिले. बुटांबाबत स्टोअरला कळवले. — सुपरवायझर)

७ तारीख, शुक्रवार

आज बोळा गेला. तो काय प्रकार आहे ते लिहिते.

बाटली धुताना आपण फडक्याचा बोळा आत ढकलतो, तसा लाइन साफ करायला एक मोठा बोळा सोडतात. रबराच्या ताटल्या, ब्रश, मध्ये लोखंड. साहेबलोकांचं त्याला वेगळं नाव आहे, कामावरची माणसं बोळाच म्हणतात. वरच्या स्टेशनात तोंड उघडून आत घालतात, मागून गॅसचा दाब त्याला ढकलतो, आणि खालच्या स्टेशनात तोंड उघडून बाहेर काढतात. दर शुक्रवारी. मधे कुठे अडकला तर कळावं म्हणून राखणदाराने सत्तेचाळीस नंबरला ऐकायचं असतं. तिथे पाइप जमिनीतून वर येतो, त्याच्यावर छोटंसं व्हॉल्व्हघर बांधलंय. आमच्या खोलीपासून वीस पावलं; लाइन खोलीच्या भिंतीला अगदी खेटून जाते.

लाकडी दांड्याचं एक टोक पाइपवर ठेवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. फोनवर कंट्रोलरूमच्या बाईने शिकवलं. ही बाई गोड आहे, मला ताई म्हणते.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी गेला. आधी लांबून खरखर, मग हातगाडी दगडांवरून ओढावी तसा धडधडत पायाखालून गेला. मशीनचा आवाज मला कळतो, वीस वर्षं तेच ऐकलंय. बाईला वेळ सांगितली. ती म्हणाली, कागदावर पन्नास होते, तुमचे बावन्न, छान.

उन्हातून आले होते म्हणून तिथेच जरा बसले. दांडा कानाला होताच. अकरा एकतीसला दुसरा गेला.

हा हळू होता. धडधड नाही. घासत, थांबत, घासत. फरशी पुसणारी बाई कशी एक हात पुढे टाकते, मग गुडघे ओढते, तसा. मला वाटलं वरच्या स्टेशनातून मागून काही सोडलं आणि मला सांगितलं नाही. मला न सांगता केलेल्या गोष्टीचा राग येतो. दांडा पाइपवर तीनदा आपटला. काय चाललंय, ह्या अर्थाने.

आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग पुढे गेला.

बाईला फोन केला. ती म्हणाली, ताई, एकच सोडला आणि एकच बाहेर आला, आत्ताच झाकण लावलं. मी म्हटलं, मग दुसरा कोणाचा? ती हसली. पाइप आहे, ताई, उन्हाने फुगतो, आवाज येतात.

उन्हाने फुगणारा पाइप मी ऐकलाय. तो असा गुडघ्यांवर चालत नाही.

१० तारीख, सोमवार

सगळीकडे आकडे ठीक. सत्तेचाळीसला मात्र पॉइंट अठ्ठ्याऐंशी. गेल्या आठवड्यात त्र्याण्णव होता.

आधीच्या राखणदाराला शोधून काढला. पलीकडे चाळीस घरांची वस्ती आहे, तिथे राहतो, परसात भाजी लावतो. सगळे त्याला काका म्हणतात. सत्तरीचा असेल. त्याच्या मागच्या काही वर्षांच्या वह्या कपाटात आहेत, मी कालच पाहिल्या. दर शुक्रवारी बोळ्याची वेळ बरोब्बर दहा पन्नास. एकदाही एकावन्न नाही, एकदाही एकोणपन्नास नाही. म्हणजे बाबाने घरी बसून कागदावरची वेळ उतरवली.

तोंडावर विचारलं, काका, तुम्ही ऐकायला जात होतात का? म्हणाला, जात होतो, पहिली काही वर्षं. मग का सोडलं? त्यावर वांग्यांना पाणी घालत राहिला. मी म्हटलं, तुमच्या भरवशावर चाळीस घरं झोपत होती. तो म्हणाला, बाई, तू पण दहा पन्नास लिही आणि घरी जा.

पाठ फिरवूनच म्हणाला. तोंडाकडे बघितलं नाही.

१३ तारीख, गुरुवार

साहेबांना दुसऱ्या आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळं ऐकू येतं. वहीत मात्र वाचलं असावं, कारण खाली लिहून गेले.

(पाहिले. एका बोळ्याची एकच वेळ लिहावी. — सुपरवायझर)

१४ तारीख, शुक्रवार

साहेब, दोन वेळा लिहिते. रागवा.

बोळा दहा बावन्न. दुसरा अकरा आठ.

गेल्या खेपेला एकोणचाळीस मिनिटं मागे होता. आज सोळा. आणि आज पुढे गेला नाही. व्हॉल्व्हघराच्या खाली आला आणि थांबला. मी श्वास रोखून दांडा दाबून धरला. आतून घासल्याचा आवाज वर वर येत गेला, जमिनीखालच्या पाइपातून ह्या वर आलेल्या तुकड्यात. तिथे पाइपला एक जुनं तोंड आहे, ताटाएवढं झाकण, आठ नटांनी आवळलेलं. पूर्वी कशालातरी वापरत, आता वापरत नाहीत. आवाज त्या झाकणामागे आला.

मग तीनदा ठोकलं. मी मागच्या शुक्रवारी ठोकलं होतं तसंच. तेवढ्याच अंतराने.

मी दांडा टाकून बाहेर आले. आवारात उभी राहिले. ऊन होतं, लेकीने खिडकीतून हात केला, म्हणाली, साहेबीणबाई, घाम का फुटलाय? मी म्हटलं, बूट चावतात.

बाईला फोनवर सांगितलं. ती आज हसली नाही. म्हणाली, ताई, एकच आत गेला, एकच बाहेर आला. दाब बरोबर आहे. कुठे काही अडकलेलं नाही. मी काय लिहू तुम्हीच सांगा.

१५ तारीख, शनिवार

सकाळी फेरी मारून आले तर लेक खाटेवर कुशीला वळून एक हात खाली सोडून पडलेली. हातात चमचा. फरशीवर टकटक करत होती आणि गालातल्या गालात हसत होती. म्हणाली, आई, तुझा पाइप माझ्याशी बोलतो. मी दोनदा वाजवलं की तो दोनदा वाजवतो. चारदा वाजवलं की चारदा. पडून पडून कंटाळा आला होता, बरी करमणूक आहे.

चमचा हिसकावून घेतला. एवढी ओरडले की ती रडायला लागली. मग मीच तिच्या पायाशी बसले, पाय दाबले. काय सांगणार तिला? म्हटलं, गॅसची लाइन आहे, वाजवायचं नसतं.

खाट दुसऱ्या भिंतीला नेली.

दुपारी खालून दोनदा वाजलं. आम्ही वाजवलं नाही. परत दोनदा. आपण बोलता बोलता उठून गेलो तर समोरचा माणूस वाट बघतो, तसं.

१७ तारीख, सोमवार

काकाने तोंड उघडलं. मी त्याच्या परसात जाऊन बसले आणि म्हटलं, माझी गरोदर पोर त्याच्या डोक्यावर झोपते, तुम्ही बोलल्याशिवाय मी उठणार नाही. उन्हं उतरेपर्यंत बसले. मग बोलला. जसं बोलला तसं लिहिते, काही गाळत नाही.

तीस वर्षांपूर्वी ही लाइन टाकली तेव्हा काका मजूर होता. पाइपाला पाइप जोडत जायचे. प्रत्येक सांधा आतून पुसावा लागे, म्हणून एक सडपातळ माणूस ब्रश आणि फडकं घेऊन रांगत आत जाई. त्याला सुतळी म्हणत, एवढा बारीक. आत जाणाऱ्याने चपला पाइपच्या तोंडाशी काढून ठेवायच्या हा नियम. चपला दिसल्या की आत माणूस आहे. चपला नाहीत तर पुढचा पाइप जोडायला मोकळे. काका म्हणाला, आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पण चपला सगळ्यांना वाचता यायच्या.

त्या दिवशी काकाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. जमीन तापलेली. पाण्याच्या टँकरपर्यंत जायचं होतं. तोंडाशी एक जोड दिसला, तो पायात सरकवला. पाचच मिनिटं, म्हणाला. टँकरपाशी कुणीतरी गप्पांना धरलं. परत आला तेव्हा वेल्डरने पुढचा पाइप जोडलेला होता. काकाला काहीच वाटलं नाही. कोणाच्या चपला होत्या हे त्याने पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी सुतळी हजेरीला नाही. मुकादम म्हणाला, पळाला साला, दोन दिवस रजा मागत होता. सगळे हसले. काकाही हसला. त्याच चपला घालून.

तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं. तोपर्यंत लाइन पुरली होती. बोलला नाही.

पुढे लाइनीत पाणी भरून तपासणी झाली, मग पहिला बोळा सोडला. काका खालच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पाणी आलं, गाळ आला, पुसायचं फडकं आलं. बोळा आला. आणखी काही आलं नाही. झाकण लावलं. काका म्हणतो, झाकण लागल्यावर अर्ध्या तासाने आतून कोणीतरी हाताने चाचपल्यासारखा आवाज आला, सगळे जेवायला गेले होते, मी एकटा होतो.

तो बोळ्याच्या मागून येतो, बाई. बोळा जातो त्या दिशेला पुढे कुठेतरी तोंड उघडतं, एवढं त्याला कळलंय. पण तो पोचेपर्यंत बंद झालेलं असतं. मग परत पहिल्यापासून.

मी म्हटलं, आणि तुम्ही एवढी वर्षं दहा पन्नास लिहीत बसलात. तो म्हणाला, ऐकलं की हात शिवशिवायचे. एकदा तरी वाजवून सांगावं, मी आहे, माझी चूक झाली. म्हणून जायचंच बंद केलं. नोकरी नाही सोडली. सोडली असती तर दुसरा कोणी आला असता ऐकणारा.

मग मी सांगितलं की मी वाजवलं. तीनदा.

काकाने खुरपं खाली ठेवलं. म्हणाला, म्हणजे आता तो खालच्या तोंडाकडे कशाला जाईल.

२० तारीख, गुरुवार

साहेबांनी मशीन आणलं, सगळीकडे फिरवलं, गळती नाही म्हणाले. सत्तेचाळीसचा आकडा पॉइंट शहाऐंशी. अजून हद्दीत आहे म्हणाले. मग झाकणाजवळच्या पाइपवर हात फिरवला आणि थांबले. तिथे उंचवटा आहे. पाव ताटाएवढा. साहेब म्हणाले, पाइपाला पोचा पडतो तो बाहेरून, कुणी खणताना मारलं तर. आत जातो. हा बाहेर आलाय. असं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, जुनाच असेल, आधीच्या वह्यांत बघतो. आधीच्या वह्यांत दहा पन्नास आहे साहेब, दुसरं काही नाही.

सुतळीचं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि तब्येतीची काळजी घ्या म्हणाले. कोणाच्या ते म्हणाले नाहीत.

(पाहिले. सायकल मंजूर. — सुपरवायझर)

२१ तारीख, शुक्रवार

बोळा दहा बावन्नला आला आणि माझ्या खाली थांबला.

धडधड एकदम बंद. फोनवर बाईचा आवाज चढला. दाब मागे वाढतोय, ताई, काय दिसतंय तुम्हाला? मला काय दिसणार? ऐकू येत होतं. रबर फाटल्याचा आवाज. दोन्ही हातांनी घट्ट धरून चादर फाडावी तसा. अकरा मिनिटं. मग सुटला आणि गेला. एकटाच गेला. मागून कुणी नाही. जे होतं ते इथेच राहिलं.

दुपारी बाईने स्वतःहून फोन केला. म्हणाली, बोळा बाहेर आला, रबराच्या कडेला चार खाचा आहेत, आणि एक जरा खाली, बाजूला. सगळे म्हणतात व्हॉल्व्हची धार लागली. मग आवाज बारीक करून म्हणाली, ताई, मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला.

२२ तारीख, शनिवार

आठ नटांपैकी एक बोटाने फिरला. पाना आणून आवळला. बाकीचे पाहिले, घट्ट होते. घरी येऊन भाकर टाकली, परत गेले. दोन ढिले.

आतून नट फिरवता येत नाहीत, हे मला कळतं. चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

झाकण निघालं तर काय होईल हेही कळतं. ठिणगी लागायची खोटी. वीस पावलांवर लेक, पलीकडे चाळीस घरं.

२४ तारीख, सोमवार

दिवसातून सहा वेळा आवळते. लाइनीवर फेरी मारली नाही, लिहून ठेवते, पगार कापा.

बाईला म्हटलं, एक्केचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत बंद करा. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह लावा, गॅस सोडून द्या, लाइन रिकामी करा. मग माणसं आणा आणि हे झाकण रीतसर उघडा. त्याला बाहेर येऊ दे. तेवढंच हवंय त्याला. तीस वर्षं तेवढंच हवंय.

तिने वर विचारलं. वरून उत्तर आलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. एका बाईच्या कानासाठी तीन शहरांच्या चुली बंद करायच्या का? शुक्रवारी बोळा जाईल, त्याच दिवशी गाडीने माणूस येऊन झाकण तपासेल.

मग लेकीला न्यायला गाडी द्या म्हटलं. गाडी पण शुक्रवारी. गावातला टेंपोवाला यायला तयार होता. डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, ह्या रस्त्याने टेंपोत घातलंत तर वाटेतच काहीतरी होऊन बसेल, हलवू नका.

काका आला होता. झाकणासमोर बसला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, माफी मागत असेल. आतून काही नाही. मग उठून निघाला तसं एकदा वाजलं. काकाने मागे पाहिलं नाही. चालता चालता भिंतीला हात टेकत गेला.

२५ तारीख, मंगळवार

व्हॉल्व्हघराभोवतीचं गवत पिवळं. परवा हिरवं होतं. मीटरवर पॉइंट एक्क्याऐंशी. कळवलं. नोंद घेतली म्हणाले.

वस्तीत दारोदार जाऊन सांगितलं, काही दिवस दुसरीकडे जा. काही हसले. त्रेपन्न नंबरचा पहारवाला मात्र बायकापोरं घेऊन निघाला. बाकी घरांत चुली पेटल्या आहेत, धूर दिसतोय.

लेकीला दुपारपासून कळा. अजून वेळ आहे, खोट्या कळा असतील. नर्सबाई उद्या येते म्हणाली.

कळ आली की खालून वाजतं. कळ गेली की थांबतं. लेकीच्या पण लक्षात आलंय. माझा हात धरते आणि भिंतीकडे बघते.

उंचवटा आता ताटाएवढा —

२६ तारीख, बुधवार

सकाळ. नर्सबाई आली नाही. कळा खऱ्या आहेत.

ही वही काकाच्या हाती पाठवते आहे. चालत येईल. साहेब, उद्या गुरुवार, तुमचा वाचायचा दिवस. ह्या वेळी पाहिले लिहू नका. उत्तर लिहा. उद्या गुरुवार दुपारी बारापर्यंत सांगा, लाइन बंद करून रिकामी करता की नाही. हो की नाही. तेवढंच. मी त्याला सांगितलंय बारा. झाकणाला तोंड लावून सांगितलं, उद्या बारापर्यंत थांब, तुझं दार तेच उघडतील, माझी पोर होऊ दे आधी.

थोडा वेळ थांबला होता. मोजत असेल.

आता —

काका दारात उभा आहे, वही मागतोय. थांब म्हटलं. मी आवळतेय. डाव्या हाताने लिहितेय. चार झाले, पाचवा झाला, पहिला परत सुटला. लेक हाका मारतेय. दोन ठिकाणी कशी असू. साहेब, बारापर्यंत. बारा म्हणजे बारा. सहावा आपोआप फिरतोय, मी बघतेय, धरून ठेवलाय तरी हातातून —